तिची कात्री आमच्या पाटावर

शिंपी आपली कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाही. सख्ख्या भावाने मागितली तरी नाही. दुसऱ्याने चालवली की कात्रीची धार फिरते. हे मला मिरजेत माझ्या उस्तादाने शिकवलं, कानाखाली देऊन शिकवलं. शाळा चौथीत सुटली, पण हे सुटलं नाही. म्हणून ती नागपूरची बाई आमच्याकडे कामाला आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मशीन आमची वापर, दोरा आमचा वापर, कात्री मात्र तुझी आण. तिने आणली. त्या कात्रीवरून पुढे सरकारी ऑफिसात वाद झाला, आणि वाद घालणारा मी होतो.

बायको मागच्या हिवाळ्यात गेली. यंदा खंडेनवमीला हत्यारं पुजायला बसलो तर हळदीकुंकवाचे डबे घरात कुठे असतात तेच मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती मांडायची, मी आंघोळ करून आयता नमस्कार करायचो. डबे शोधता शोधता खालच्या खणात फडक्यात बांधलेली ती कात्री सापडली. फडकं बायकोच्या जुन्या पातळाचं होतं. त्यानंतर मला दुसरं काही सुचेना, म्हणून हे लिहितोय. मला लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

आम्ही न्यू जर्सीत आलो ते मेव्हण्यामुळे. तो इंजिनियर. त्याने बहिणीसाठी अर्ज केला आणि बहिणीबरोबर मीही आलो, लग्नात पाटाबरोबर चौरंग येतो तसा. इथे माझ्याकडे पँट-शर्ट शिवून घ्यायला कोण येणार? तयार मिळतात. मग पडदे शिवायला लागलो. ऐंशीची पहिली वर्षं होती, वेस्ट विंडसरकडे शेतं मोडून मोठमोठी घरं होत होती. घरांना खिडक्या भिंतीएवढ्या. डेकोरेटर लोक मापं आणून द्यायचे, आम्ही अस्तर लावून, चुण्या घालून पडदे शिवून द्यायचो. एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागचं शेड भाड्याने घेतलं होतं. मी कापायचो, बायको इस्त्री आणि हूक करायची. काम वाढलं तेव्हा ती नागपूरची आली. मेव्हण्याच्या ओळखीतली. नवरा इंजिनियर, ती घरी बसून कंटाळलेली. मला भाऊजी म्हणायची आणि बायकोला ताई.

ताई म्हणायची म्हणजे नुसतं तोंडाने नाही. माझ्या बायकोला या देशात दुसरं कोणी नव्हतं. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा बरं यायचं, गाडीही तीच चालवायची, पण बोलायला माणूस नव्हतं. मी कापायला उभा राहिलो की दिवसभर तोंड उघडत नाही. या दोघी मात्र मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायच्या. वऱ्हाडी ठेचा जास्त तिखट का आमचा कोल्हापुरी, यावर एक अख्खा हिवाळा गेला. नागपूरची म्हणायची, "ताई, तुमचा ठेचा लहान मुलांना द्या." बायको म्हणायची, "अगं, तो खाऊन तुझे भाऊजी दोन दिवस गप्प होते." आणि नागपूरची म्हणायची, "ते एरवी काय बोलतात?"

पैसे मी पडद्यामागे द्यायचो. जितके पडदे तितके पैसे. कर कापायचा नाही, वर्षाच्या शेवटी एक कागद द्यायचा की हिला इतके दिले. आमचे अकाउंटंट मराठीच होते, पुण्याचे, शिकलेले. त्यांनी सांगितलं, मास्तर, ही तुमची नोकर नाही, कंत्राटी आहे, तिचा कर ती भरेल. मी म्हटलं बरं. शिकलेला माणूस सांगतो तर आपण कशाला डोकं लावायचं.

खंडेनवमीला शेड बंद. मशीनींना हळदकुंकू, कात्र्या पाटावर. तिची कात्रीही माझ्या कात्रीशेजारी बायकोने मांडली. म्हणाली, "हत्याराला काय माहीत कोणाचं आहे." त्या दिवशी नागपूरची साडी नेसून यायची, शिऱ्याचा नैवेद्य करायची, आणि आम्ही तिघं कापायच्या टेबलावर पान मांडून जेवायचो.

मग आमचा मोठा डेकोरेटर बुडाला. काम निम्म्याहून खाली आलं. मी तिला सांगितलं, आता येऊ नकोस, काम आलं की बोलावतो. ती हो म्हणाली. परत यायचंच आहे म्हणून कात्री शेडच्या खणातच ठेवून गेली. त्याच सुमारास तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. त्या नोकरीला वर्ष झालं नव्हतं की काय, काहीतरी भानगड होती, त्याला बेकारीचा भत्ता मिळेना. घराचं भाडं चालू. कोणीतरी तिला म्हणालं, तू पण काम करत होतीस ना, तू अर्ज कर. तिने केला. ऑफिसने शोधलं तर तिच्या नावावर माझ्याकडून काहीच भरलेलं नाही. मला विचारणा आली. अकाउंटंट म्हणाले, मास्तर, कंत्राटी लिहा, नाहीतर मागच्या सगळ्या वर्षांचा कर तुमच्या अंगावर येईल. मी सही केली. तिचा भत्ता नाकारला गेला. तिने अपील केलं.

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"ती कंत्राटी कशी?" म्हणाली. "नऊ वाजता ये म्हणून तुम्हीच सांगता ना?"

मी म्हटलं, तुला कायद्यातलं काय कळतं.

"कायद्यातलं नाही कळत. ती आपल्याकडे कामाला होती, एवढं कळतं. तिचं भाडं थांबलंय, तेही कळतं."

मी म्हटलं, आपलं शेड गेलं तर आपलं भाडं कोण देईल? ती पुढे बोलली नाही. दिवसभर बोलली नाही. मला वाटलं, समजलं तिला. ती बोलली नाही की मला नेहमी तसंच वाटायचं.

सुनावणीच्या दिवशी गाडी तीच चालवणार, म्हणून ती बरोबर आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. खोली लहान होती. टेबलापलीकडे एक वयस्कर गोरी बाई, केस पांढरे, समोर टेप रेकॉर्डर. नागपूरची एकटीच आली होती. तिने मान हलवली, मीही हलवली. त्या अधिकारी बाईने हळू बोलून सगळं समजावलं, माझ्यासारख्यालाही कळलं. म्हणाली, पैसे घेऊन काम केलं म्हणजे नोकरीच धरतो. नाही म्हणायचं असेल तर मालकाने तीन गोष्टी दाखवायच्या. एक, तिच्या कामावर तुमचा हुकूम चालत नव्हता. दोन, तिचं काम तुमच्या धंद्याबाहेरचं होतं, नाहीतर तुमच्या जागेबाहेर होत होतं. तीन, तिचा स्वतःचा वेगळा धंदा आहे, तुमचं काम थांबलं तरी तो चालू राहील असा. तिन्ही पाहिजेत. दोन असून एक नसली तरी चालणार नाही.

अकाउंटंट साहेब माझ्या बाजूने आले होते, ते सुरू झाले. पडद्यामागे पैसे. करार नाही. आणि बघा, स्वतःचं हत्यार, स्वतःची कात्री आणायची. कात्रीवर त्यांनी फार जोर दिला. नागपूरची माझ्याकडे बघत होती. कात्री आण म्हणून का सांगितलं होतं ते तिला माहीत होतं.

अधिकारी बाईने मग मलाच विचारलं, कात्री तिची, मशीन कोणाची? मी म्हटलं माझी. किती वाजता यायची? मी म्हटलं, नऊला, माझी बायको कुलूप उघडते. सुट्टी कोण ठरवतं? इथे माझी जीभ सैल सुटली. मला वाटलं, या बाईला कळू दे आम्ही कशी माणसं आहोत. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आम्ही तिला परक्यासारखं वागवलं नाही. जेवण आमच्यात. बरं नसलं तर बायको काढा करून द्यायची. खंडेनवमीला मशीन बंद म्हणजे बंद, त्या दिवशी कोणी शिवत नाही, तिची कात्रीसुद्धा आमच्या देवापुढे असते. एकदा तिने दुसऱ्या दुकानाचे ब्लाउज घरी शिवायला घेतले तर मी म्हटलं, घरची माणसं असं करतात का, आणि तिने ते परत केले.

अकाउंटंटांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला कळेना काय चुकलं. मी ज्याला आपलेपणा म्हणत होतो ते सगळं ती बाई हुकूम म्हणून लिहून घेत होती. आणि ती चूक नव्हती.

मग मी शेवटचं बोललो. म्हणालो, ती मला बहिणीसारखी आहे.

अधिकारी बाईने पेन थांबवलं. नागपूरचीकडे वळून विचारलं, यांचं तुमचं नातं आहे? घरच्यांचं काम काही बाबतीत या कायद्यात धरत नाहीत, म्हणून विचारते.

नागपूरचीने आधी माझ्या मागे बघितलं, बायकोकडे. मग इंग्रजीत म्हणाली, "नाही. हे माझे कोणी नाहीत. मी यांच्याकडे नोकरी करत होते."



अधिकारी बाईने पुढे विचारलं, शेडमध्ये आणखी कोण काम करतं? मी म्हटलं, बायको. पगार? मी म्हटलं, बायकोला कसला पगार. ती म्हणाली, नवऱ्याच्या धंद्यात बायकोचं काम या कायद्यात मोजत नाहीत, ठीक आहे. तिने पान उलटलं.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत बायको नागपूरचीच्या मागे गेली. मी लांब उभा राहिलो. दोघी काहीतरी बोलल्या, फार नाही. नागपूरचीने तिचा हात धरला, सोडला, आणि गाडीत बसली. बायको परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली? "येते म्हणाली," एवढंच. नेहमी ती "येते ताई" म्हणायची.

वाटेत सिग्नलला थांबल्यावर बायको म्हणाली, "ती नोकर होती की नाही हे ठरवायला एवढी मोठी बाई बसलीय. मी तर मोजण्यातच नाही." आणि हसली. मीही हसलो. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

निकाल तिच्या बाजूने लागला. तिला भत्ता मिळाला, त्यावर त्यांचं घर नवऱ्याला नोकरी मिळेपर्यंत तगलं. माझ्या अंगावर मागचं आलं, ते मी हप्त्याने फेडलं. शेड गेलं नाही. ज्याची मला खरी भीती होती ते काही झालं नाही. पुढे काम वाढलं तेव्हा मी तिला बोलावलंही नाही. लाज वाटली म्हणा, राग म्हणा. मग ते लोक सिअ‍ॅटलकडे, बॉथेलला गेले. जाताना ती आली नाही. कात्री आमच्याकडेच राहिली.

बायको म्हणाली, पोस्टाने पाठवू. मीच म्हटलं, कात्री कोणी पोस्टाने पाठवतं का, नातं तुटतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. पण दर खंडेनवमीला ती कात्री पाटावर असायची. मी बघायचो. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही. म्हातारपणी आम्हाला सरकारकडून महिन्याचं येऊ लागलं ते माझ्या कामावर, तिला माझ्यामागचं अर्धं. इतकी वर्षं इस्त्री धरून तिचा अंगठा वाकडा झाला होता, तरी कुठल्याही कागदावर ती कामाला नव्हती. आणि तिच्याशी बोलणारी एक होती, तिच्या तोंडून मी 'हे माझे कोणी नाहीत' म्हणवून घेतलं. तेसुद्धा सरकारी टेपवर.

बायको गेल्याचं मेव्हण्याकडून नागपूरचीला कळलं. यंदा वसंतात तिचा फोन आला. आवाज म्हातारा झालाय. म्हणाली, "भाऊजी, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. ताईंच्या समोर."

मी म्हटलं, "बोलली नसतीस तर भाडं कोण देणार होतं? बोलायला मी लावलं."

मला तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि मला कोणाचं रडणं कसं ऐकायचं ते येत नाही. ते काम बायकोचं. मग मी तिला सांगितलं की तुझी कात्री दरवर्षी पाटावर असते. तिने विचारलं, कोण मांडतं? मी म्हटलं, ती मांडायची. आता मी मांडेन. तेव्हा मला डबे कुठे आहेत तेही माहीत नव्हतं, पण बोलून गेलो. ती म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन इकडे येणार आहे, तेव्हा स्वतः येऊन घेईन.

यंदा मांडली. माझी कात्री, तिची कात्री, आणि बायकोची इस्त्री. इस्त्री आजवर पाटावर कधीच नव्हती. ती हत्यार आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि तिने कधी म्हटलं नाही.

कात्रीच्या खिळ्याला गंज चढला होता. तेल सोडलं, पुसली. रिकामी कात्री वाजवायची नसते, घरात भांडण होतं. घरात भांडायला आता कोण आहे? तरी नाही वाजवली. पातळाच्या फडक्याचा एक कोपरा कापून बघितला. अजून कापते.