मी आलं

नेरुळला आमच्या सोसायटीच्या हॉलला लागूनच माझा फ्लॅट आहे. महिन्यातून एका रविवारी त्या हॉलमध्ये विज्ञानकथावाले जमतात. लिहिणारे थोडे, वाचणारे जास्त आणि भांडणारे सगळेच. पहिल्यांदा मी गेले ती आवाज कमी करा म्हणून सांगायला. माणसाला बर्फात गोठवून शंभर वर्षांनी उठवलं, तर त्याचं पेन्शन चालू राहील का, यावर जुंपली होती. मी दारातूनच म्हटलं, "पेन्शनचं सोडा, उठल्यावर त्याला चहा कोण देणार?" कोणीतरी खुर्ची पुढे केली. तेव्हापासून ती माझी खुर्ची.

मी चौथी शिकले. त्याची लाज नाही आणि कौतुकही नको. त्यांनी सांगितलेली पुस्तकं वाचनालयातून आणून वाचली. बरीचशी कंटाळवाणी होती. यान उडेपर्यंत निम्मं पुस्तक संपतं, आणि यानात भांडी कोण घासतं ते शेवटपर्यंत कळत नाही. हे मी बैठकीत बोलले. आमच्यात एक लेखक आहे, बेलापूरला सरकारी ऑफिसात नोकरी करतो, त्याची पुस्तकं छापून आलेली आहेत. तो म्हणाला, "आजी, मग तुम्हीच लिहा."

लिहिली एक गोष्ट. नेरुळच्या एका घरात काम करणारं यंत्र असतं. एक दिवस ते कोणाला न सांगता दार उघडून निघून जातं, सारसोळेच्या जेटीवर खाडीकडे बघत बसतं आणि संध्याकाळी परत येतं. दारात उभं राहून म्हणतं, "मी आलं." घरचे हादरतात. एवढीच गोष्ट.

त्या वर्षी मंडळी सभासदांच्या कथांचं पुस्तक काढणार होती. संपादन बाईंकडे. बाई म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका, लाल पेन अजून पर्समध्ये. माझी कथा त्यांना आवडली, पण 'मी आलं' जिथे जिथे होतं तिथे तिथे लाल गोल.

"वहिनी, हे अशुद्ध आहे. आलो करा, नाहीतर आले करा. मग घेते."

"आले केलं की लोक त्याला कामवाली समजतील. आलो केलं तर ते सोफ्यावर बसून चहा मागेल. माझं यंत्र दोन्ही नाही."

"मराठीत 'मी' म्हणणारा नपुंसकलिंगी नसतो."

"का नसतो?"

"कारण टेबल बोलत नाही!"

"माझ्या गोष्टीत बोलतं."

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. लेखक मध्ये पडला. "आजी, टेन्शन नको. 'माझं येणं झालं' असं करू."

"ते काय तुझ्या ऑफिसातला साहेब आहे?"

"बरं, मग खाली एक तळटीप टाकू."

"माशाचं कालवण वाढताना ताटाखाली चिठ्ठी ठेवते का मी, आत काटे आहेत म्हणून?"

हट्टाला कारण होतं. माझं माहेर मालवणकडचं. तिकडे लहान मुलीला 'ती' म्हणत नाहीत, 'ता' म्हणतात, म्हणजे 'ते'. "ता खंय गेला?" अशी आई मला शोधायची. मी तेव्हा झाडावर असायची, नाहीतर पाण्यात. लग्न झालं आणि एका दिवसात माझी 'ती' झाली. 'ती' झाल्यावर कोणाला शोधायला लागलं नाही, कारण मी कायम स्वयंपाकघरातच सापडायची. यंत्राला बाहेर जायचं होतं. त्याला 'आलं'च म्हणायला हवं होतं. नाहीतर कथा मागे घेते, असं मी सांगून टाकलं. एवढी एकच कथा लिहून झाली होती आणि ती छापून यावी असं मला फार वाटत होतं. तरी सांगितलं.

शेवटी ठरलं, पुढच्या बैठकीत मी कथा वाचायची, मग बाई सांगतील तसं.

मी वाचली. चष्मा जुना, वाचन अडखळत, पण आवाज खणखणीत. पहिल्या 'मी आलं'ला दोघं-तिघं हसले. दुसऱ्याला एकच हसला. नंतर कोणी नाही. डोळे वगैरे कोणी पुसले नाहीत. एकाने मध्येच समोसा उचलला.

वाचून झालं आणि नेहमीसारखी जुंपली. यंत्र परत आलंच का, यावर. लेखक म्हणाला, बॅटरी संपत आली असेल. बाईंना ते पटेना.

"बॅटरी कसली? त्याला जायचं होतं, ते गेलं. परत येणं हा त्याचा निर्णय आहे. वहिनी, तुमचा शेवट थोडक्यात आटपलाय. घरची बाई त्याला ओरडते ना, तिथे त्याने सरळ तोंडावर सांगायला हवं होतं, की मी येणार नव्हतं!"

सगळे बाईंकडे बघायला लागले. आपण काय बोलून गेलो ते बाईंच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्यांचे कान लाल झाले. लेखकाने टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवायला लागला. मीही वाजवली. विनय वगैरे मला जमत नाही.

"हसू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लाल पेन काढलं. मला वाटलं, आता गोल वाढणार. त्यांनी आधीचे गोल एकेक करून खोडले. मग पान उलटून एका जागी नवीन गोल केला.

"इथे तुम्ही 'मी जेटीवर बसलो' लिहिलंय. एकदा आलं म्हटलं की बसलं म्हणायचं. असा ढिसाळपणा चालणार नाही."

चूक माझीच होती. मी सुधारली. त्यांचं 'मी येणार नव्हतं'ही शेवटाला घातलं, कारण ते माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पुस्तक आलं. माझी कथा पहिली आहे, तळटीप नाही. परवा लेखकाने आपली नवी कथा बैठकीत वाचली. त्यातला यंत्रमानव म्हणतो, "मी निघालं." म्हणतो नाही, म्हणतं. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "खुशाल वापर. पण आधी बाईंकडून तपासून घे."