मामांचे स्वादुपिंड आणि गावाचे निदान

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे आडवा असतो, पचनासाठी रस तयार करतो आणि निरोगी असेपर्यंत आपले अस्तित्व कोणाला जाणवू देत नाही. देवपूरच्या शाळेत मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून हे शिकवीत असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझ्या मामांच्या गावाला हा अवयव एकाएकी ठाऊक झाला, आणि तोही दारूचा अवयव म्हणून.

मामा धुळ्याजवळच्या एका खेड्यात शेती करीत. गळ्यात तुळशीची माळ होती. दारूचे नाव निघाले की ते तोंड फिरवीत. व्यसन एकच होते आणि त्याला ते व्यसन मानीत नसत: मशेरी. मामी तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून तिची पूड करीत. ती मामा सकाळी, जेवणानंतर आणि करमेनासे झाले की केव्हाही हिरड्यांना चोळीत. हिरड्यांतून रक्त येई, पू येई, दाढा बोटाने हलत. मामांच्या मते, तोंड स्वच्छ होत असल्याची ही खूण होती. मी त्यांना ब्रश आणून दिला. त्याने त्यांनी सायकलची साखळी साफ केली.

पुढे पोटाच्या वरच्या भागात कळ उठून ती पाठीपर्यंत जाऊ लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले, पित्ताशयात खडे नाहीत याची खात्री केली, स्वादुपिंडाला सूज असल्याचे सांगितले आणि नियमाप्रमाणे विचारले, "दारू घेता का?"

प्रश्न डॉक्टरांनी विचारला; उत्तर गावाने दिले. सोबत आलेला शेजारी एसटीतून उतरताच सांगत सुटला, "माळकरी शे म्हने! कपाशीनी राखण कराले जास का पेवाले, आते समजनं!" राखणीच्या नावाखाली मामा प्यायला जातात, असा त्याचा शोध होता.

याच सुमारास मामांच्या मुलीचे लग्न जळगावजवळच्या असोद्याला जवळजवळ ठरले होते. बातमी तेथवर पोचली. मुलाकडच्यांनी सरळ काही विचारले नाही. आम्हा सर्वांना मळ्यात भरीत खायला बोलावले. हिवाळ्यात काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि पाहुण्यांना केळीच्या पानावर पंगतीत बसवायचे, ही आमच्याकडची रीत. पंगतीत शेजाऱ्याचे तोंड आपल्या नाकाच्या टप्प्यात येते, ही तिची उपयुक्तता मला त्या दिवशी कळली.

मामांनाही हेतू उमगला होता. तोंड निर्मळ असावे म्हणून त्यांनी वाटेत प्रत्येक थांब्यावर मशेरी चोळली.

मुलाचे आजोबा, सर्वांचे आबा, मामांना खेटून बसले. "घ्या ना भाऊ, लाजू नका," असे म्हणत ते दर घासाला मामांकडे झुकत. मामी माझ्याकडे पाहत होत्या. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीकडे. एकाएकी आबांचा चेहरा आक्रसला.

"भाऊ, जरा तोंड उघडा."

"कशाले?"

"उघडा तं!"

मामांनी तोंड उघडले. पंगत थांबली.

"हा दारूचा वास नाही," आबांनी निकाल दिला. "दारूचा वास मले चांगला माह्यती हाये. हे आतमधी दुसरंच काही मेलं हाये."

"तुमले बरं ठाऊक, आबा!" मामी पदराआडून म्हणाल्या. सारे हसले, आबांची सून सर्वांत मोठ्याने.

अशा रीतीने मामांच्या चारित्र्याला जाणकाराचे प्रमाणपत्र मिळाले. मात्र आबांनी अट घातली: लग्नाआधी दातांचा निकाल लावायचा. वरचे दात काढले की डोळे जातात, असे मामांचे ठाम मत होते.

"मंग पोरीचं लगन कानानं पाहा," आबा म्हणाले.

आज संशोधक सांगतात की आजारी स्वादुपिंडात तोंडातील जंतू आढळतात. हिरड्यांचे जुने विकार आणि आतड्यांतील जंतूंचा बिघडलेला तोल यांचा या अवयवाच्या आजारांशी संबंध दिसतो. संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावीत असे. शिवाय तंबाखू स्वतःही स्वादुपिंडाला अपायकारकच. म्हणून मामांचा आजार नेमका कशाने झाला, हे मी सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की संशयितांची रांग लावली असती तर गावाने पकडून आणलेली बाटली तेवढी निर्दोष सुटली असती.

जळगावच्या दंतवैद्यांनी मामांच्या बहुतेक दाढा काढल्या. डोळे शाबूत राहिले. लग्न झाले, आणि मामांनी ते डोळ्यांनी पाहिले. तोवर पोटातल्या कळाही कमी झाल्या होत्या. मांडवात तोच शेजारी त्यांच्या पाठीवर थाप मारून चारचौघांत म्हणाला, "बरं झायं भाऊ, दारू सोडी! गुण उना ना?"

मामांनी उत्तर दिले नाही. ते देऊ शकत नव्हते. त्यांच्या तोंडात मशेरी होती.