व्याह्यांची लक्ष्मी

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, बॉनला आली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी ऑफिसातून धावतपळत घरी पोचले, बूट काढता काढता पाटाकडे बघितलं आणि दुसरा बूट पायात तसाच राहिला. पाटावर माझ्या सासऱ्यांच्या जुन्या नोटा मांडलेल्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं ओलं बोट!

"आई, अल्बममधून काढल्यास या?"

"मग? प्लॅस्टिकवरून का पूजा पोचते? व्याह्यांची एवढी लक्ष्मी घरात असताना दहा युरोची नोट कसली पुजायची!"

सासरे जर्मन. आमच्या लग्नात फोटोपुरतेसुद्धा हसले नव्हते. त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या या नोटा, जर्मनीच्या जुन्या राष्ट्रीय बँकेच्या. त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, पाणी शिरलं तेव्हा अल्बम त्यांनी मुलाकडे नाही, माझ्याकडे आणून दिला. "तू नीट सांभाळशील," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची कुणीतरी झाले होते. स्वतः ते नोटेला बोट लावत नसत, चिमट्याने उचलायचे. घडी नाही, डाग नाही, तरच नोटेला किंमत, नाहीतर रद्दी, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

आणि आता ते फराळाला येणार होते! एक नोट कापसाने पुसायला गेले तर कुंकू आणखीच पसरलं. दुसरीला हात लावायची छातीच होईना. नवऱ्याला फोन केला तर म्हणतो, "आधी लपव, मग बघू." वा रे शहाणा! तेवढ्यात बेल वाजली.

मी सगळं सांगून टाकलं. जर्मन बोलताना जीभ अडखळत होती. सासऱ्यांनी भिंग काढून एकेक नोट बघितली. ओरडा हो एकदाचे, असं झालं मला. "आल्झो," म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणाले. हळद वाळेपर्यंत थांबले, नोटा अल्बममध्ये घातल्या आणि आईसमोर बसून चकल्या खाल्ल्या. एक तर मागून घेतली.

"उगाच घाबरवलंस गं मला," आई म्हणाली. "किती शांत माणूस!"

ते निघाले तेव्हा अल्बम त्यांच्या काखेत होता. गुडघे दुखतात म्हणून जिना उतरताना त्यांच्या हातातलं सामान नेहमी मीच घ्यायची. सवयीने हात पुढे केला. त्यांनी अल्बम दुसऱ्या काखेत घेतला.

"नको," म्हणाले, "माझा मी नेतो."

आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.