पंचवीस पावलांवरून

दुकानात त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी तो कानसेन. ड्रम वाजवणाऱ्यांनी कधीतरी ठेवलेलं हे नाव, आणि त्यात चेष्टेपेक्षा धाक जास्त होता. वाद्यांच्या त्या लांबलचक दुकानात गिटारी होत्या, बासऱ्या होत्या, नाना तऱ्हेचे ढोल होते, ते कुणीही विकत असे. पण मागच्या भिंतीवर टांगलेल्या काशाच्या झांजांना हात लावायचा तो कानसेननेच. छत्तीस वर्षं हा नियम चालत आला होता, आणि मालकांनीसुद्धा तो कधी मोडला नव्हता.

ड्रमच्या संचात झांजा असतात तीन-चारच. एक मोठी, जिच्यावर काठीने ताल चालू ठेवायचा. एक-दोन मध्यम, जोराच्या जागी एकदाच फोडायच्या. आणि पायाने मिटायची-उघडायची एक जोडी. एवढ्याशा खरेदीला किती वेळ लागावा? कानसेनला अख्खा दिवस लागे. एकेकटी झांज चांगली असून भागत नाही, तिचं बाकीच्यांशी पटावं लागतं. दोघींचे सूर फार जवळ आले की त्या एकमेकींच्या अंगावर येतात. फार लांब गेले की एकाच घरात दोन चुली मांडल्यासारखं होतं. पायाच्या जोडीतली वरची हलकी हवी, खालची जड, आणि किती हलकी नि किती जड याचं कोष्टक कुठे छापलेलं नाही. मोठी झांज आधी ठरवायची, मग तिच्या स्वभावाप्रमाणे बाकीच्या जुळवायच्या. स्थळं बघणारे तेवढी चौकशी करत नसतील.

त्याची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाला दुकानाच्या मागच्या टोकाला ड्रमवर बसवायचं आणि आपण मोजून पंचवीस पावलं चालत दाराशी जाऊन, पाठ करून उभं राहायचं. "तू फक्त वाजव. ऐकायचं काम माझं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वाजवणाऱ्याचा कान झांजेपासून दोन हातांवर असतो, आणि तिथून चांगली झांजही कर्कशच लागते. पंचवीस पावलांत तो खरखरीतपणा हवेत झडून जातो आणि उरतो तो खरा आवाज, समोर बसलेल्या माणसाला मिळणारा. त्यामुळे वाजवणाऱ्याच्या मताला कानसेनच्या लेखी काडीची किंमत नव्हती. मोठमोठे मिजासखोर ड्रमवाले त्याच्यापुढे ब्र काढत नसत. कुणी नाक मुरडलंच तर तो म्हणे, "तुला नाही कळणार, तू जवळ आहेस."

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं होतं ते त्याच्या लेकीने. पाळण्यातून उतरल्यापासून ती डबे, पाट, दारं, बापाची पाठ, दिसेल त्यावर बडवत असे, म्हणून तिचं नाव टिमकी. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात बाप आणि लेक दोघंच. सुटीच्या दिवशी तो तिला दुकानात नेई, ड्रमवर बसवी आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राही. चुकलं की तिथूनच हात वर करी. टिमकी मोठी झाली, हॉटेलांत, समारंभांत, जिथे बोलावतील तिथे वाजवू लागली. हात तयार होता. तिच्या आड यायची ती बिदागीवरच्या कामाची अनिश्चितता आणि वय. ती आता तेहतीस वर्षांची होती.

अशात शहरातल्या मोठ्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात ड्रमची जागा निघाली. कायमची जागा. आधीचा वादक तिथे एकोणतीस वर्षं चिकटून होता, यावरूनच समजा अशी जागा किती वेळा निघते ते. वयाची अट पस्तिशीची. म्हणजे टिमकीसाठी ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. नाटकगृहाच्या त्या शांत सभागृहात हॉटेलातल्या दणकट झांजा चालणार नव्हत्या. पातळ, मऊ बोलणाऱ्या हव्या होत्या. तिने आपल्या झांजांचा जुना संच दुकानात बदलीत दिला आणि बापाला म्हणाली, "नवा तुम्हीच जोडून द्या. मी काही बघणार नाही."

एरवी बापाला याहून मोठा मान कुठला? पण कानसेन हो म्हणाला तो नाइलाजाने.

त्याचं कारण घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी टिमकी बाहेरगावी असताना त्याला ताप भरला होता. नवा, पारा नसलेला, ताप मोजून झाला की बारीक वाजणारा थर्मामीटर जिभेखाली धरून तो वाजायची वाट बघत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो वाजेना. तसाच तापात उठून तो औषधाच्या दुकानात गेला आणि बिघडलेला माल विकता म्हणून भांडला. दुकानदाराने थर्मामीटर स्वतःच्या काखेत धरला, थोडं थांबला आणि म्हणाला, "वाजतोय की काका. चांगला कोकलतोय." कानसेनने तो परत घेतला आणि घरी आला.

म्हणजे बहिरा झाला होता का? तर नाही. बोलणं ऐकू येई, रस्त्यावरची गाडी ऐकू येई, कुणी मागून कुजबुजलं तर तेही कळे. गेलं होतं ते फक्त वरचं, बारीक, टोकदार. आणि झांजेचा सगळा तिखटपणा नेमका तिथेच असतो. दुकानात त्याचा परिणाम असा झाला की त्याला सगळ्याच झांजा गोड वाटू लागल्या. पूर्वी शंभरात चार पसंत पडत, आता चाळीस पडायला लागल्या. तो तराजूवर वजनं करू लागला, कडेला बोट लावून थरथर मोजू लागला. जुन्या अनुभवाच्या जोरावर निभावून नेत होता. गेल्या वर्षी दोन ड्रमवाले झांजा घेऊन परत आले होते, टोचतात म्हणत. त्याने दोघांनाही तेच सांगितलं, तू जवळ आहेस, आणि ते बिचारे खाली मान घालून गेले. त्या दोघांच्या आठवणीकडे त्याने कानाडोळा केला. त्याला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर. कान काढून घेतला तर त्या माणसाकडे दुसरं होतं काय?

टिमकीच्या झांजा जोडायचा दिवस ठरला, दुकान बंद असतानाचा. मालकांनी किल्ली दिली होती. ती मागे ड्रमवर बसली, तो दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला. काचेतून समोरचा बोळ दिसत होता, एक बाई सायकलला हवा भरत होती. मागून झांज वाजली. गोड. दुसरी वाजली. तीही गोड. तो भिंतीपाशी परत यायचा, वजनावरून आणि बोटांवरून एक उतरवायचा, दुसरी चढवायचा, पुन्हा दाराशी जायचा. दुपार झाली. एका क्षणी तो वळला. 'टिमकी, मला नीट ऐकू येत नाही गं, तूच ठरव,' एवढंच म्हणायचं होतं, दोन ओळींचं काम होतं. ती त्याच्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी, आता बाबा हात वर करतात की नाही म्हणून.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. चालू दे."

शेवटी चार झांजा ठरल्या. ती मधल्या झांजेवर पुन्हा एकदा काठी टेकवून म्हणाली, "बाबा, ही जरा टोचतेय मला."

"टोचणारच. दोन हातांवर आहेस. इथे येऊन ऐक, लोण्यासारखी आहे."

तिने ऐकायला दाराशी यायचं, तर वाजवायचं कुणी? त्याने. आणि त्याने ड्रमपाशी येऊन काठी हातात घेतली, एवढ्यात ती म्हणाली, "राहू दे. तुम्ही म्हणताय ना." त्याने काठी खाली ठेवली. त्याला बरं वाटलं, ही गोष्ट तो पुढे कधी विसरू शकला नाही.

घरी शेजाऱ्यांमुळे झांजा वाजवता येत नसत. रबरी चकत्यांवर तिने महिनाभर सराव केला. परीक्षेच्या दिवशी तो सभागृहाबाहेरच्या बाकावर बसला होता. दार बंद होतं, आतून फक्त तालाचा धमका येत होता आणि तो अचूक होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हात छान चालला बाबा." नंतर जराशाने म्हणाली, "ते सगळे लांब बसले होते. बरं झालं."

पत्र तीन आठवड्यांनी आलं. टिमकीने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं की लय पक्की आहे, तयारी उत्तम आहे, परंतु झांजांवरचा आघात कर्कश असून मृदू वादनासाठी लागणारा संयम हाताला नाही.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "हॉटेलांत दणके देऊन देऊन हात राकट झालाय. मला जवळून टोचत होतं, वाटलं लांब जाईपर्यंत विरेल. पण हातच वाईट असेल तर झांज काय करणार?"

त्याने पत्राची घडी करून ते पाकिटात घातलं. त्या आठवड्यात तिने काठ्या हातात धरल्या नाहीत. झांजा दुकानात परत केल्या, ड्रम एका शाळेला देऊन टाकला आणि कुरिअरच्या गोदामात पाकिटं लावायची नोकरी धरली. कुणी विचारलं तर शांतपणे सांगायची, माझा हात चांगला नव्हता, उशिरा कळलं.

ते वाक्य मात्र कानसेनला सहन होईना. कान गेला तर गेला, पण लेकीचे हात? एका सकाळी त्याने त्याच चार झांजा मांडल्या आणि गिटारी विकणाऱ्या बाईला दाराशी उभं केलं. मोजून पंचवीस पावलं. स्वतः काठी घेतली आणि मधली झांज अगदी हलक्या हाताने वाजवली. बाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बंद करा हो," ती तिथून म्हणाली, "दात आंबले माझे."

त्याने मालकांना सांगितलं, आजपासून मी झांजांना हात लावणार नाही. कारण सांगितलं नाही. टोपी घेतली आणि भर दुपारी घरी आला. टिमकीची रात्रपाळी होती, ती घरातच होती. त्याने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. थर्मामीटर, औषधवाला, परत आलेले दोघे, त्या दिवशी दाराशी न बोललेलं वाक्य, गिटारवाल्या बाईचे दात. काही हातचं राखलं नाही. "तुझा हात चांगला आहे," तो म्हणाला. "झांजा वाईट होत्या. मी वाईट जोडल्या. मला ऐकूच येत नव्हतं."

 टिमकी हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"मी कुजबुजले तरी ऐकू येतं तुम्हाला."

"बोलणं येतं. वरचं नाही येत."

"आणि त्या बाईंचे दात आंबले तेव्हा वाजवत कोण होतं? तुम्हीच ना? तुमचा हात कुठे हलका आहे, बाबा. तुमच्यावरच गेलेय मी."

"टिमकी, खरं सांगतोय. तपासून बघ."

तिने त्याचं मन राखायला फोन उचलला, कसलीशी बारीक शिट्टी शोधून काढली आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तो डोळे मिटून बसला. आयुष्यात इतकं लक्ष देऊन त्याने काही ऐकलं नव्हतं.

"आली ऐकू?"

"नाही."

"आता?"

"नाही गं."

"आता तर घरभर वाजतेय."

"नाही येत."

फोन बंद झाला. तिने पुढे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही नाहीच म्हणणार," ती म्हणाली. "हो म्हणालात तर मला बरं कसं वाटेल? माझ्यासाठी छत्तीस वर्षांचा कान पणाला लावलात तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोललात, आणि तेही इतकं वाईट."

"अगं, पण..."

"राहू दे. मला पोचलं."

तिने त्याला पाणी आणून दिलं आणि पाळीवर जायचे कपडे इस्त्री करायला घेतले.