आक्कांचे डॉक्टर

आक्का परत आलेला डबा कधी तसाच पिशवीत टाकत नसत. उघडून आत बघत. सांगलीत आमच्या वरच्या खोल्यांमध्ये मेडिकलची मुलं भाड्याने राहतात. त्यांना आटपाडीकडच्या या आक्का दोन वेळचा डबा देत. पहिल्या वर्षाच्या पोरालाही त्या 'डॉक्टर' म्हणत. कोणाला मेथी चालत नाही, कोणाचं घरी भांडण झालंय, हे त्यांना उरलेल्या अन्नावरून कळे.

ओवी, तन्मय, मुलांनो, ही गोष्ट अगदी अलीकडची. वर राहणारा पलूसचा सुजित परीक्षेआधी चौदा-चौदा तास टेबलाशी बसायचा. मी शेजारणींना त्याचं कौतुक सांगत होते. एका सकाळी आक्का माझ्या ओट्यावर त्याचा डबा उघडून उभ्या राहिल्या. चपात्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"काकू, चार दिस झालं, डॉक्टर पाण्यावर हाय."

अभ्यासात भूक विसरत असेल, मी म्हणाले.

"भूक कोन इसरत न्हाई. कशानं तरी मारलीया."

त्या सरळ वर गेल्या, मी मागोमाग. सुजित टेबलाशीच बसलेला होता. माझी आमटी आवडेना का, म्हणून आक्कांनी आधी त्याला चिडवलं. मग त्याच्यासमोर फरशीवर बसल्या आणि खरं कळल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. शेवटी त्याने ड्रॉवरमधून गोळ्यांचं पाकीट काढलं. मुलं तिला 'अभ्यासाची गोळी' म्हणत. झोप येऊ नये म्हणून एका सीनियरने दिलेली; भूकही तिनेच मारली होती. आता तिच्याशिवाय त्याला पुस्तक उघडवत नव्हतं. गोळी सोडली तर परीक्षा जाईल, वर्ष जाईल, म्हणून तो रडायला लागला.

"वरीस गेलं तर जाऊ दे," आक्का म्हणाल्या. "तू जाऊ नगंस."

त्याच दुपारी आम्ही दोघी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वडिलांना फोन आक्कांनीच लावला. पोरगं आजारी आहे, रागवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुजितने ती परीक्षा सोडली आणि पुढची दिली. मधल्या काळात जिन्यात पोरं गोळीवरून त्याला हसली, तेव्हा आक्का पायरीवरच थांबल्या.

"आजारी पडला हुता, बरा झाला. उद्या पेशंटलाबी असंच हसनार व्हय, डॉक्टर?"

त्या पोरांतला एक दुसऱ्या दिवशी स्वतःच तसंच पाकीट घेऊन आक्कांकडे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

गुडघ्यांमुळे आक्का आता लेकीकडे आटपाडीला असतात. तुम्ही दोघं लांब होस्टेलवर. फोनवर मी मार्कांच्या आधी जेवणाचं विचारते, म्हणून तुम्ही हसता. हसा खुशाल, पण उत्तर खरं द्या.