मेघनाला पीएच.डी.ला घेताना

आमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये नवीन कंपाउंड क्वचितच तयार होतं. किस्से मात्र तयार करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. बाहेरच्या कुणाला सांगितले की तो म्हणतो, मॅडम, तुम्ही फार रंगवून सांगता. अहो, मी उलट फिके करून सांगते! वडील छावणीतून रिटायर होऊन लखनौलाच राहिले, मी इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकले आणि आता शिकवते, त्यामुळे साठा बराच आहे. आज फक्त मेघना गायकवाडच्या अॅडमिशनचे सांगते.

मेघना मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतली. आम्ही मराठी घरं दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला भेटतो, तिथली ओळख. मला मावशी म्हणते, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिचे वडील त्या वर्षी रिटायर होणार होते. क्वार्टर सोडलं की घर भंडाऱ्याला जाणार, आणि तिथे आत्याने स्थळ बघून ठेवलेलं. पीएच.डी.ला अॅडमिशन मिळाली तर इथलं हॉस्टेल, नाहीतर भंडारा. बायोडाटा तयार होता. त्यात तिची उंची होती, रंग होता, एम.एस्सी.चा पहिला नंबर नव्हता.

* * *

एन्ट्रन्स ती झोकात पास झाली. आता आमचा नियम असा की इंटरव्ह्यूला बसायचं तर आधी गाइडची संमती हवी. आणि आमच्या गाइड लोकांचा नियम असा की आधी इंटरव्ह्यू पास व्हा, मग संमती.

मेघना मिश्रासरांकडे गेली. सरांनी तिला बसवलं, चहा मागवला, नमकीन पुढे केलं, वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि नाही म्हणाले. लखनौमध्ये नकार एकटा कधी येत नाही, सोबत काहीतरी खायला येतं. तिथून ती हेडसरांकडे गेली. त्यांनीही चहा पाजला. असे चहा पिऊन पिऊन पोरीला अॅसिडिटी झाली.

शेवटी मिश्रासरांनी लिहून दिलं की हेडची हरकत नसेल तर माझी संमती आहे. हेडसरांनी त्याखाली लिहिलं, मिश्राजींची संमती असेल तर माझी हरकत नाही. कागद फाइलला लागला. संमती कुणी दिली हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

* * *

पुढची अट, सॅम्पल तपासायच्या मोठ्या मशीनवर काम केल्याचा अनुभव. मशीन आमच्याकडे आहे. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि त्याच दिवशी हेडसरांनी खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. वापरल्याने मशीन खराब होतं, असं त्यांचं ठाम मत आहे. प्लास्टिकचं कव्हर अजून तसंच आहे.

मग अनुभव आणायचा कुठून? मेघनाने सरळ सांगितलं की सर, इन्स्पेक्शनच्या वेळी मी कव्हरवरची धूळ पुसली होती. मला वाटलं, संपलं. हेडसर उलट खूश झाले. म्हणाले, चला, मेन्टेनन्सचा अनुभव आहे. बाकीच्यांकडे तर तेवढाही नव्हता.

* * *

अनुभव झाला, मग सेवा. मिश्रामॅडमच्या, म्हणजे सरांच्या मिसेसच्या, साडीला मॅचिंग फॉल आणायला मेघनाला अमीनाबादला धाडलं गेलं. आमच्याकडे ही जुनीच पद्धत आहे. सोबत त्रिपाठी होता, मिश्रासरांचा सगळ्यात जुना रिसर्च स्कॉलर. लॅबमध्ये त्याला ब्युरेट शोधावी लागते, पण अमीनाबादच्या गर्दीत तो डोळे मिटून चालतो. फॉलवाल्याने त्याला बघताच स्टूल पुढे केलं, "आइए डॉक्टर साहब!"

युनिव्हर्सिटीने अजून केलेलं नाही. फॉलवाल्याने कधीच केलं.

परत येताना त्रिपाठीने रिक्षात मेघनाला इंटरव्ह्यूचं गुपित सांगितलं.

* * *

हेडसर प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न विचारतात. शुद्ध पाणी गरम केलं तर त्याचा पीएच किती? आम्ही शिकवतो त्या पुस्तकात लिहिलंय की तो सातच्या खाली येतो, तरी पाणी न्यूट्रलच राहतं. हेडसरांचं उत्तर, सात. कुणी वाद घातला तर म्हणतात, "पानी गरम हुआ है, खट्टा थोड़े हुआ है।" बरोबर उत्तर देणारे आजवर सगळे घरी गेलेत. सात म्हणणारे आमच्याकडे पीएच.डी. करतात, काही तर शिकवतातही.

मेघना आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आली, सोबत तिची आई शोभाताई. मेघना रडवेली झाली होती. "मौसी, जानते हुए ग़लत कैसे बोल दूँ?" मला हेडसरांचा संताप आला. शोभाताई मात्र म्हणाल्या, "एकदा सात म्हण आणि मोकळी हो. मग आयुष्यभर खरं बोल."

दुसऱ्या दिवशी कमिटीत मी कोपऱ्यात होते. मधे बाहेरून आलेले एक्स्पर्ट, देशात नाव असलेला माणूस. ते पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. हेडसर येईल त्याला अभिमानाने सांगत होते की हे आपल्याच डिपार्टमेंटचे विद्यार्थी, यांची अॅडमिशन मीच केली.

मेघनाचा इंटरव्ह्यू उत्तम चालला होता. मग हेडसरांनी तो प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे पाहिलं, पुस्तकवाल्यांकडे पाहिलं, आणि थेट विचारलं, "सर, किताब वाला जवाब दूँ या डिपार्टमेंट वाला?"

मिश्रासरांचा चहा बशीत सांडला. हेडसर हसून म्हणाले की बच्ची मस्करी करतेय.

एक्स्पर्टनी चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला.

"डिपार्टमेंट वाला दो, बेटा। मैंने भी वही दिया था। किताब तो बाद में लिखी।"

"सात," मेघना म्हणाली. त्याच आठवड्यात तिला हॉस्टेलची खोली मिळाली.