पिवळा रंग येईपर्यंत

लोटनभाऊंच्या खाकी शर्टावर कोपरापर्यंत पांढरे डाग होते, ब्लीचिंग पावडरचे. धुळ्याबाहेरच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतलं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांवर ते कामाला होते. मूळचे सोनगीरचे, शिक्षण सातवी. गाळ बसून पाणी नितळ झालं, तरी ते म्हणत, "ताई, दिसण्यावर जाऊ नका. जंतू काय हात वर करतात?" मग पावडर कालवून पाण्यात सोडायची, अर्धा तास थांबायचं, काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की पावडर पुरली. त्यानंतरच पंप सुरू करून पाणी पाटाने शेजारच्या शेतात, कमलबाईंच्या काकडीला.

त्या पाटात आमची मुलं पाय बुडवून बसत. आदल्या वर्षी माझी लेक टायफॉइडने महिनाभर अंथरुणात होती, त्यामुळे जाता-येता मी नळीकडे बघायचीच.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात एकदा नळीला रंगच आला नाही. अकराला वीज जाणार होती. कमलबाईंची पाण्याची पुढची पाळी तीन दिवसांनी, आणि वेलांनी माना टाकलेल्या.

"भाऊ, पाणीले हयद लावानी वाट देखी राह्यना का?" कमलबाई बांधावरून ओरडल्या. "लगीन शे का त्यानं?"

"पोरं पाय बुडावतस त्यामा, अक्का."

"रोज तं सोडस! आजच काय व्हयनं?"

लोटनभाऊ पत्र्याच्या खोलीत गेले आणि खाली मान घालून बाहेर आले. "मनीच चूक शे. गोणीले वरतीन सुतळी बांधी, मझारनं प्लास्टिक उघडं राह्यनं." आतली पिशवी उघडी राहिल्याने पत्र्याखालच्या उकाड्यात पावडरचा जोर उडून गेला होता. पाणी नितळ होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

त्यांनी नवी गोणी फोडली. पुन्हा पावडर, पुन्हा अर्धा तास. रंग आला तेव्हा अकराला वीस मिनिटं उरली होती. अर्धेच वाफे भिजले आणि पंप बंद पडला. कमलबाई कोरड्या वाफ्यांच्या बांधावर जाऊन बसल्या. लोटनभाऊंना तेच लागलं. उद्याचं पाणी कारखान्याच्या साहेबांच्या बगिच्याला जायचं होतं.

"सकायनी पाळी साहेबना बगिचानी शे. ती तू ले."

"साहेब बोलना तं?"

"बोलू दे. गवतले काय काकड्या लागतस?"

दुसऱ्या दिवशी नळी कमलबाईंनीच उन्हाकडे धरली. "व्हयनं पिवयं, भाऊ! सोड आते!"